हुकूम देणारा आणि निवाडा देणारा: कोर्ट मार्शल समजून घेताना

१९८५ साली लष्कराच्या एका सिग्नल रेजिमेंटमध्ये रणजित ठाकूर नावाचे सिग्नलमन होते. १९७२ साली भरती झालेले, म्हणजे बारा वर्षांहून जास्त नोकरी झालेली. आपले कमांडिंग ऑफिसर आपल्याला नीट वागवत नाहीत, अशी तक्रार त्यांनी थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली. फौजेत अर्ज 'थ्रू प्रॉपर चॅनल' जायचा असतो, म्हणजे आधी आपल्याच सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांच्या टेबलावरून. ती पायरी ओलांडली म्हणून त्यांना अठ्ठावीस दिवसांची सक्त कैद मिळाली. ही शिक्षा ते क्वार्टर गार्डच्या कोठडीत भोगत होते, तेव्हा एका वरिष्ठाने त्यांना जेवण्याचा हुकूम केला. ते जेवले नाहीत. हुकूम मोडला असा चार्ज लागला आणि लगोलग समरी कोर्ट मार्शल, म्हणजे झटपट चालणारा लष्करी खटला, भरले. त्या कोर्टात निवाडा द्यायला बसले होते तेच कमांडिंग ऑफिसर, ज्यांच्याविरुद्ध मूळ तक्रार होती. निकाल लागला: एक वर्षाची कैद आणि नोकरीतून बडतर्फी.

१९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला आणि त्यांना सर्व लाभांसह परत नोकरीत घ्यायला सांगितले. न्यायालयाने दिलेली कारणे सोपी आहेत. ज्याच्यावर तक्रार आहे त्यानेच न्याय करायला बसू नये. कोर्टातल्या सदस्यांबद्दल काही आक्षेप आहे का, हे आरोपीला विचारायला हवे होते. ते विचारलेच नाही. आणि जेवलो नाही एवढ्यासाठी वर्षभर तुरुंग आणि नोकरी जाणे, ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फारच मोठी आहे. त्या निकालातला एक विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. न्याय करणाऱ्याने 'माझे मन स्वच्छ आहे का' एवढेच स्वतःला विचारून भागत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय येत असेल हेही त्याने पाहिले पाहिजे.

लष्करी न्यायातला कळीचा प्रश्न या एका खटल्यात सापडतो. हुकूम देणारा आणि निवाडा देणारा यांच्यात अंतर किती असावे? पुढचे सगळे कायदे, कलमे आणि निकाल याच अंतराबद्दल आहेत.

फौजेला वेगळा कायदा कशासाठी

सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात घराघरातून माणसे फौजेत आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. पण कोर्ट मार्शल म्हणजे नक्की काय, हे या गावांतही फार थोड्या लोकांना ठाऊक असते. 'त्याचं कोर्ट मार्शल झालं' हे वाक्य 'त्याला काढून टाकलं' याच अर्थाने बोलले जाते. खरे म्हणजे कोर्ट मार्शल ही शिक्षा नाही, तो खटला आहे. त्यात आरोपी निर्दोष सुटूही शकतो.

वेगळा कायदा का, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. कंपनीतला माणूस न सांगता चार दिवस घरी राहिला तर त्याचा पगार कापतात. बर्फातल्या चौकीवरचा जवान न सांगता निघून गेला तर उरलेल्यांच्या जिवावर बेतू शकते. वरिष्ठाने सांगितलेले काम न करणे हा बाहेर गुन्हाच नाही, फौजेत तो गुन्हा आहे. शिवाय पलटण आज पठाणकोटला, उद्या तवांगला. साक्षीदार, पुरावे, आरोपी सगळे फिरते. अशा ठिकाणी दहा-दहा वर्षे चालणारा जिल्हा न्यायालयातला खटला कसा परवडणार? म्हणून राज्यघटनेच्या कलम ३३ ने संसदेला अधिकार दिला, की सैन्याची कामगिरी आणि शिस्त यांसाठी सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर कायद्याने मर्यादा घालता येतील. लष्कर कायदा १९५० चा, हवाई दलाचाही १९५० चा, नौदलाचा १९५७ चा.

घटनेने आणखी दोन दारे बंद केली. कलम १३६ खाली कोणत्याही न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष परवानगीने जाता येते, पण लष्करी न्यायालये त्यातून वगळली आहेत. उच्च न्यायालयाची कलम २२७ ची देखरेखही त्यांच्यावर चालत नाही. रिट अर्जाचे, म्हणजे हक्कांसाठी थेट वरच्या न्यायालयात करायच्या अर्जाचे, दार मात्र उघडे राहिले, आणि रणजित ठाकूर त्याच दाराने आत आले.

चार्ज लागल्यापासून निकालापर्यंत

समजा एखादा जवान रजा संपल्यावर पंधरा दिवस उशिरा आला. प्रथम तो 'मार्च अप' होतो. टोपी आणि बेल्ट काढून त्याला सीओ साहेबांसमोर ऑर्डरली रूममध्ये उभे केले जाते. लष्कर नियमावलीतला नियम २२ सांगतो की चार्ज आरोपीच्या समोर ऐकला पाहिजे, त्याला साक्षीदारांची उलटतपासणी करता आली पाहिजे, स्वतःचे साक्षीदार बोलावता आले पाहिजेत. ही सुनावणी कागदावर भरभक्कम आहे. अनेक खटले पुढे न्यायालयात टिकत नाहीत ते हीच पायरी उरकून टाकल्यामुळे.

इथून सीओपुढे तीन वाटा असतात: चार्ज रद्द करणे, लष्कर कायद्याच्या कलम ८० खाली स्वतःच शिक्षा देणे, किंवा खटल्याकडे पाठवणे. कलम ८० ची शिक्षा म्हणजे अठ्ठावीस दिवसांपर्यंतची कैद, लाइनीतच राहण्याचे बंधन, जादा ड्युटी, दंड. या शिक्षांची नोंद कागदावर राहते, गंभीर असेल तर लाल शाईत. ती 'रेड इंक एंट्री' पुढे बढतीच्या आड येते.

प्रकरण खटल्याकडे गेले तर 'समरी ऑफ एव्हिडन्स' तयार होते, म्हणजे साक्षीदारांचे जबाब लेखी घेतले जातात, तेही आरोपीच्या समोर. त्याआधी बहुतेक वेळा कोर्ट ऑफ इन्क्वायरी झालेली असते. ही इन्क्वायरी म्हणजे खटला नव्हे, काय घडले ते शोधणारी चौकशी. पण तिच्यात कुणाच्या चारित्र्यावर किंवा लष्करी इभ्रतीवर शिंतोडे उडणार असतील, तर नियम १८० प्रमाणे त्या माणसाला पूर्ण वेळ हजर राहण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा दिलीच पाहिजे. 'तू बाहेर थांब, बोलावलं की ये' असे म्हणता येत नाही.

मग कोर्ट बसते. कोर्ट मार्शलचे चार प्रकार आहेत. त्यातल्या दोघांवर जास्त वेळ घालवण्याची गरज नाही: डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन अधिकारी असतात आणि दोन वर्षांपर्यंत कैद देता येते, समरी जनरल कोर्ट मार्शल मुख्यतः प्रत्यक्ष सेवेच्या (लढाई किंवा मोहिमेवरच्या) काळात, घाईच्या परिस्थितीत भरते. उरलेले दोन, जनरल आणि समरी, यांच्यातला फरक मात्र नीट पाहायला हवा.

जनरल कोर्ट मार्शल हे सगळ्यात मोठे. किमान पाच अधिकारी, प्रत्येकाची कमिशनची, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीची, किमान तीन वर्षे झालेली, त्यातले चार तरी कॅप्टन किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचे. सोबत जज ॲडव्होकेट, म्हणजे लष्कराच्याच कायदा विभागातला अधिकारी, जो कायदा समजावतो पण मत देत नाही. आरोपीला बचाव अधिकारी मिळतो, वकीलही लावता येतो. पुराव्याचा नेहमीचा कायदाच इथे लागू होतो. मत देताना सगळ्यात कनिष्ठ हुद्द्याचा अधिकारी आधी बोलतो. साहेबांनी आधी 'दोषी' म्हटले तर लेफ्टनंट 'निर्दोष' म्हणायला कचरेल, हे ओळखून केलेली ही जुनी तजवीज मला फार शहाणपणाची वाटते. मते समसमान पडली तर फायदा आरोपीला. फाशी द्यायची तर किमान दोन तृतीयांश सदस्यांचे एकमत हवे.

समरी कोर्ट मार्शलमध्ये यातले जवळजवळ काहीच नाही. कायद्याचे शब्द आहेत की कमांडिंग ऑफिसर एकटाच ते कोर्ट असेल. दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदार, नायब सुभेदार) हजर असतात, पण त्यांना शपथ दिली जात नाही आणि मतही नसते. जज ॲडव्होकेट नाही. आरोपीला मदतीला एक 'फ्रेंड ऑफ द ॲक्युज्ड' घेता येतो, तो कानात सल्ला देऊ शकतो, पण साक्षीदाराला एक प्रश्नही विचारू शकत नाही. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो आणि नोकरीतून बडतर्फ करू शकतो. बडतर्फीबरोबर सहसा पेन्शनही जाते. आणि ही शिक्षा वरून मंजूर होण्याची वाट न पाहता लगेच अमलात येते.

मला सगळ्यात जास्त खटकते ती पुढची गोष्ट. समरी कोर्ट मार्शल अधिकाऱ्यांवर किंवा सुभेदार, नायब सुभेदारांवर चालवता येत नाही. ते फक्त जवान, नाईक, हवालदार यांच्यासाठी. कर्नलवर गंभीर आरोप असला तर त्याला पाच जणांचे कोर्ट आणि कायद्याचा जाणकार मिळतो. जवानाचे पंधरा वर्षांच्या नोकरीचे पेन्शन एका माणसाच्या एका दिवसाच्या बैठकीत जाऊ शकते. इंग्रजांच्या हिंदी फौजेतून हा प्रकार आपल्याकडे आला. गोरा अधिकारी आणि देशी शिपाई यांच्यातले ते नाते होते. आपल्याच हवाई दलाच्या कायद्यात समरी कोर्ट मार्शल नाही, आणि त्यावाचून तिथली शिस्त काही ढासळलेली नाही.

कायद्यानेही याला थोडा लगाम घातला आहे. तातडीची गरज नसेल तर काही गुन्ह्यांसाठी, आणि खुद्द कोर्ट चालवणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध घडलेल्या गुन्ह्यासाठी, सीओने वरिष्ठांना विचारल्याशिवाय खटला चालवायचा नाही. २०१६ मध्ये विश्व प्रिय सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, रोजचा रस्ता नव्हे. लगेच कारवाई करण्याचे गंभीर कारण असेल तेव्हाच तो वापरायचा.

निकाल लागला तरी तो निकाल नसतो

दिवाणी-फौजदारी न्यायालयात न्यायाधीशाने निकाल वाचला की तो लागू होतो. समरी सोडून बाकीच्या कोर्ट मार्शलमध्ये तसे नाही. लष्कर कायद्याचे कलम १५३ सांगते की वरिष्ठ अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय निकालाला किंमतच नाही. हा मंजुरी देणारा अधिकारी शिक्षा कमी करू शकतो, माफ करू शकतो, किंवा एकदा कोर्टाला 'फेरविचार करा' म्हणून निकाल परत पाठवू शकतो.

ही सत्ता किती मोठी आहे याचे आपल्या इतिहासातले उदाहरण लाल किल्ल्यातले आहे. ५ नोव्हेंबर १९४५ ला आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर जनरल कोर्ट मार्शल सुरू झाले. सात अधिकाऱ्यांचे कोर्ट, चार इंग्रज आणि तीन हिंदी. बचावाला भुलाभाई देसाई. बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल तिघेही दोषी ठरले. कायद्यात या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी एवढेच पर्याय होते, कोर्टाने काळे पाणी दिले. बाहेर देश पेटलेला होता. निकाल मंजुरीसाठी सरसेनापती ऑकिन्लेक यांच्याकडे गेला. जानेवारी १९४६ च्या सुरुवातीला त्यांनी काळ्या पाण्याची शिक्षा माफ केली, लष्करातून काढणे आणि थकलेला पगार जप्त करणे एवढेच ठेवले. तिघेही मोकळे झाले. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार' या नौदल केंद्रावर खलाशांचा उठाव झाला.

त्या निर्णयाचा आपल्याला आनंद आहे आणि असायलाच हवा. पण न्यायाच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? शेवटचा शब्द पुरावा ऐकलेल्या कोर्टाचा नव्हता, सेनापतीचा होता. ती लेखणी दया दाखवू शकली, तीच लेखणी दुसऱ्या वेळी 'शिक्षा कमी वाटते, पुन्हा बसा' असेही लिहू शकते. कोर्टातले पाच अधिकारी त्याच सैन्यातले. त्यांना वरचे काय अपेक्षिते ते न सांगताही कळते. एखादा मेजर अत्यंत सचोटीचा असेल, तरी त्याच्या जागेवरच्या या दबावाचे काय?

ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आधी दिले. फॉकलंडच्या लढाईतून आलेला फिंडले नावाचा सैनिक, मनावर झालेल्या आघातानंतर दारूच्या नशेत त्याने सहकाऱ्यांवर पिस्तूल रोखले. त्याचे कोर्ट मार्शल झाले. प्रकरण युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेले. तिथे १९९७ मध्ये निकाल लागला की ज्या अधिकाऱ्याने खटला उभा केला, त्यानेच कोर्टाचे सदस्य नेमले, ते सदस्य त्याच्याच हाताखालचे, आणि निकाल मंजूर करणाराही तोच. याला स्वतंत्र न्यायालय म्हणता येणार नाही. ब्रिटनने आपला कायदा बदलला. आज तिथे कोर्ट मार्शलमध्ये नागरी न्यायाधीश बसतो आणि खटला भरण्याचा निर्णय कमांडरच्या हातात नसतो. ज्या देशाच्या साच्यातून आपण १९५० चा कायदा काढला, त्या देशाने तो साचा मोडला. आपल्याकडे मंजुरीची ती लेखणी आहे तिथेच आहे.

अपील नव्हते, मग आले

१९८२ मध्ये लेफ्टनंट कर्नल पृथीपाल सिंग बेदी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लष्कर कायदा घटनाबाह्य ठरवला नाही. पण एक गोष्ट न्यायमूर्तींनी परखडपणे नोंदवली. साध्या चोराला अपिलावर अपील करता येते, आणि देशासाठी लढणाऱ्या माणसाला पुरावा पुन्हा तपासून घेण्यासाठी एकही अपील नाही, ही डोळ्यात भरणारी उणीव आहे. अन्यायाचा निकाल शिस्त टिकवत नाही, उलट ती पोखरतो, असेही न्यायालयाने म्हटले. पुढे १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी यांच्या प्रकरणात घटनापीठाने मान्य केले की लष्कर कायद्याखाली कोर्ट मार्शलने किंवा मंजुरी देणाऱ्याने कारणे लिहिण्याचे बंधन नाही. कारणे नसतील तर माणसाने वरच्या दाराशी जाऊन चूक दाखवायची तरी कशी? माझ्या मते हा त्या काळातला सगळ्यात अवघड अडसर होता.

२००० मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले. चरणजितसिंग गिल यांच्या प्रकरणात आरोपी अधिकाऱ्यापेक्षा कमी हुद्द्याचा जज ॲडव्होकेट बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतले नाही. ज्याला समोरच्या आरोपीला सॅल्यूट करायची सवय आहे, त्याने त्याच्या खटल्यात मोकळेपणाने कायदा सांगावा ही अपेक्षा धरणे कठीण आहे. हुद्दा कोर्टाच्या खोलीतही शिरतो, ही गोष्ट त्या निकालाने ओळखली.

बेदी निकालानंतर अपिलाची सोय व्हायला पाव शतक गेले. २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये न्यायाधिकरण सुरू झाले. दिल्लीत मुख्य पीठ, आणि मुंबईसह इतर शहरांत प्रादेशिक पीठे. प्रत्येक पीठात सहसा एक निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीश आणि एक निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी. कोर्ट मार्शलच्या निकालावर इथे खरे अपील होते: पुरावा पुन्हा तपासला जातो, निकाल बदलता येतो, शिक्षा कमी करता येते, जामीन मिळू शकतो.

पण याच्यातही जवानाच्या वाट्याचा एक खड्डा राहिला. समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद झाली असेल तरच न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्यापेक्षा कमी शिक्षेसाठी तो रस्ता नाही. आणि न्यायाधिकरणाचा कारभार संरक्षण मंत्रालयाकडे आहे, म्हणजे जवळजवळ प्रत्येक खटल्यात समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या पक्षाकडे. हे बदलायला हवे असे मला ठामपणे वाटते. न्यायाधिकरणाच्या निकालानंतर उच्च न्यायालयात रिट करता येते का, यावर बरीच वर्षे गोंधळ होता. २०१५ च्या एका निकालाने ते दार जवळजवळ लावून घेतले होते. मार्च २०२३ मध्ये परशोतम दास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम २२६ चा अधिकार कुणी काढून घेतलेला नाही. गावाकडच्या माणसासाठी हे फार मोलाचे आहे, कारण दिल्लीपेक्षा मुंबई-नागपूर-छत्रपती संभाजीनगर जवळ आहे.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने

आतापर्यंत आरोपी सैनिकाचा विचार केला. पण खटला योग्य झाला का, हे मेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही विचारायला हवे.

लष्कर कायद्याच्या कलम ७० प्रमाणे सैनिकाने नागरिकाचा खून किंवा बलात्कार केला तर तो खटला साध्या न्यायालयात चालतो. मुंबईतला नानावटी खटला याच तत्त्वाने सत्र न्यायालयात चालला. आरोपी नौदलाचा कमांडर असला तरी मेलेला माणूस नागरिक होता. पण प्रत्यक्ष सेवेत असताना असा गुन्हा घडला तर तो कोर्ट मार्शलकडे जाऊ शकतो, आणि काश्मीरसारख्या भागातली नेमणूक प्रत्यक्ष सेवा धरली जाते.

२५ मार्च २००० रोजी काश्मीरमधल्या पथरीबल इथे पाच माणसे मारली गेली. ते परदेशी अतिरेकी होते असे सांगण्यात आले. सीबीआयने तपास करून २००६ मध्ये लष्करातल्या पाच जणांवर आरोपपत्र ठेवले: मेलेले गावकरी होते आणि चकमक बनावट होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करालाच विचारले, खटला साध्या न्यायालयात चालवायचा की कोर्ट मार्शल करायचे? लष्कराने प्रकरण आपल्याकडे घेतले. जानेवारी २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून ते बंद झाले. कोर्ट मार्शल भरलेच नाही. माछिल इथे २०१० मध्ये तीन तरुण मारले गेले, त्या प्रकरणात मात्र कोर्ट मार्शलने जन्मठेप दिली; २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने ती स्थगित करून जामीन दिला. दोन्ही प्रकरणांत निर्णय चूक की बरोबर, हे बाहेरच्याला ठरवता येत नाही, कारण कागद बाहेर येत नाहीत. जनरल कोर्ट मार्शल कायद्याने खुले असते, पण छावणीच्या फाटकाच्या आत भरलेल्या कोर्टात बारामुल्लाची एखादी म्हातारी कशी पोहोचणार?

कुलभूषण जाधव यांच्या निमित्ताने

मराठी माणसाला लष्करी न्यायालयाचा अर्थ सगळ्यात जवळून कळला तो १० एप्रिल २०१७ ला. नौदलातून निवृत्त झालेले कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या फील्ड जनरल कोर्ट मार्शलने हेरगिरीच्या आरोपाखाली फाशी सुनावल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. त्यांना बलुचिस्तानात पकडले असे पाकिस्तान म्हणतो. ते इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून पळवून नेले असे भारत म्हणतो. खटला बंद दाराआड झाला. भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिले नाही, मागणी पुनःपुन्हा करूनही. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, बाजू हरीश साळवे यांनी मांडली. १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक मताने निकाल लागला: परदेशात पकडलेल्याला आपल्या वकिलातीची मदत मिळण्याचा हक्क देणाऱ्या व्हिएन्ना कराराचा भंग झाला आहे, शिक्षेचा खराखुरा फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा. शिक्षा रद्द करून सुटका करा ही भारताची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही.

त्याआधी २५ डिसेंबर २०१७ ला इस्लामाबादमध्ये त्यांची आई आणि पत्नी त्यांना भेटल्या. मध्ये काच होती. आई मराठीत बोलू लागली तर तिला पुनःपुन्हा अडवले आणि शेवटी मराठी बोलू दिलेच नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितले. सांगलीत, सोलापुरात ही बातमी ज्यांनी वाचली त्यांना कलमे समजावून सांगायची गरज पडली नाही.

हेगमध्ये आपण काय मागितले होते? आरोपीला आपल्या माणसांची मदत मिळावी, वकील मिळावा, खटला लपून होऊ नये, लष्कराबाहेरच्या कुणीतरी निकाल तपासावा. देश बदलला, गणवेश बदलला, तरी या मागण्या त्याच राहतात. त्या आपल्या छावण्यांतही कराव्यात, इतके साधे माझे म्हणणे आहे.

घरी फोन आला तर

'आई, मी चार्जवर आहे' असा फोन एखाद्या घरी येतो, आणि मग कुणालाच काही सुचत नाही. अशा वेळी पहिली गोष्ट तारखा लिहून ठेवणे. चार्जशीट हातात पडल्यापासून कोर्टापुढे उभे राहीपर्यंत किमान ९६ तास मिळाले पाहिजेत, प्रत्यक्ष सेवेत २४ तास. हा वेळ मिळाला नाही तर तो मुद्दा पुढे फार उपयोगी पडतो. 'गुन्हा कबूल कर, थोडक्यात सुटशील' असे कुणी सुचवले तर घाई करू नये. कबुलीचा परिणाम काय होईल हे कोर्टाने आरोपीला समजावून सांगणे बंधनकारक आहे, आणि कबुलीनंतर उलटतपासणीची संधी जवळजवळ संपते. कोर्टात बसलेल्या अधिकाऱ्याशी आधी भांडण किंवा तक्रार झाली असेल तर ती त्याच वेळी सांगावी आणि कागदावर नोंदवून घ्यावी. रणजित ठाकूर यांच्या खटल्यात सगळे त्याच एका गोष्टीवर फिरले.

निकालानंतर खटल्याच्या संपूर्ण कागदपत्रांची प्रत मागण्याचा हक्क आरोपीला आहे. शिक्षा मंजूर होण्याआधी आणि झाल्यानंतर, दोन्ही वेळा लष्कर कायद्याच्या कलम १६४ खाली वरिष्ठांकडे अर्ज करता येतो. त्यानंतर न्यायाधिकरण. महाराष्ट्रातल्या माणसासाठी ते मुंबईत आहे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली तर तिथपर्यंतचा रस्ता कळतो. जाताना ती कागदपत्रांची प्रत बरोबर न्यावी. वकील पहिल्यांदा तीच मागतो.